एक्स्पोर्ट

सावद्याच्या पॅकहाऊसमध्ये दिवसभर
माझ्या हातात कॅलिपर असतो.
फणीतलं मधलं बोट मापायचं,
जाडी बसली तर एक्स्पोर्ट,
नाही तर दिल्लीची गाडी.
रात्री घरी येऊन लॅपटॉप उघडतो
आणि त्याच शब्दावर बोट ठेवतो.

स्टुडिओ म्हणजे गच्चीवरचं पत्र्याचं शेड.
भिंतींना पॅकहाऊसमधलाच फोम,
फण्यांच्या मध्ये घालतात तो, पांढरा, पातळ;
आवाज अडवण्यात त्याला तसा रस नाही.
वरून दोन गाद्या, एक सतरंजी.
रेकॉर्डिंगला पंखा बंद.
मे महिन्यात, पत्र्याखाली, पंखा बंद.
जुबेदा तडवी पदरानं मान पुसत म्हणाली,
"लीलाधरभाऊ, गाणं घ्यायचंय का आपल्याला पिकवायचंय?"

ती हौदावर फण्या धुते.
तुरटीच्या पाण्यात हात, चीक निथळेपर्यंत
स्वतःचंच काहीतरी म्हणत राहते:
पालकडचा चढ, एक हरवलेली शेळी,
आणि शेळी शेवटी सापडते की नाही
ते दर खेपेला बदलतं.
तीन टेक घेतले. तीन वेगळ्या शेळ्या.
मी दुसरी ठेवली. न सापडलेली.

पहिल्या रात्री मी सगळंच केलं.
खालचा घुमारा कापला,
टोचणारा स बोथट केला,
दोन ओळींमधला दम पुसून टाकला.
मग लिमिटर,
दाबत दाबत, पट्टी लाल होईपर्यंत,
कारण बाकीच्यांची गाणी मोठ्यानं वाजतात
आणि त्यांच्या पंगतीत आपलं
उपाशी दिसू नये.
एमपीथ्री, एकशे अठ्ठावीस.
फाइलचं नाव: शेवटचं.

हेडफोनमध्ये दणदणीत.
सकाळी दगडूच्या आयशरच्या केबिनमध्ये लावलं
तर शेळी, चढ, ढोलकी, जुबेदा
सगळे एकाच दारातून
एकदम बाहेर पडायला बघत होते.
दगडू म्हणाला, आवाज भारी आहे.
दगडू सभ्य माणूस आहे.
जुबेदानं एवढंच विचारलं,
"मी दम कुठं घेतला?"

त्या दिवशी हौदावर नवा पोरगा आला होता.
त्याला सांगत होतो, सगळ्यांना सांगतो तेच:
फणी दांड्याला धर. सालीवर अंगठा नको.
आज काही दिसणार नाही,
हिरव्यावर सगळं खपतं.
आठ-पंधरा दिवसांनी समुद्रापलीकडं कुणी खोकं उघडेल
तेव्हा तुझा अंगठा
काळा होऊन तिथं बसलेला असेल.
बोलता बोलता मी थांबलो.
पोरगा म्हणाला, काय झालं?
काही नाही, म्हटलं. पाणी बदल.

रात्री सगळं उसवलं.
लिमिटर सैल. वरती एक डीबी मोकळा,
खोक्यात फण्यांवर बोटभर ठेवतात तसा;
झाकण बसलं पाहिजे, टेकलं नाही पाहिजे.
दम परत लावले, एकेक, जागच्या जागी.
एका दमामागून, लांबून,
रावेरकडं जाणारी मालगाडी निघाली.
ती काढायला गेलो तर
जुबेदाच्या आवाजाचं पोट जातं.
राहू दे. गाडी आपलीच आहे.

चोवीस बिट, वेव्ह.
फाइल इतकी जड की मोबाइलचं नेट
ती रात्रभर ढकलत होतं,
चढावर बैलगाडी ढकलावी तशी.
नाव दिलं: शेवटचं-खरं.
मग: शेवटचं-खरं-दोन.

बसस्टँडच्या टपरीवरचा स्पीकर फाटका आहे,
आतला पडदा गेलेला. मुद्दाम तिथंच ऐकलं.
फाटक्यातूनही दम आला,
मग मालगाडी, मग तिचा चढ.
टपरीवाल्यानं गाळणं खाली ठेवलं
आणि हात लांब करून आवाज वाढवला.
ते काम त्याचंच होतं,
मी उगाच आधी करून ठेवत होतो.

हौदावर गेलो सांगायला
तर जुबेदा कोपरापर्यंत पाण्यात
आज भलतंच म्हणत होती:
शेळी सापडली,
आणि सोबत दोन पिल्लं.